जन्मस्थळ कोणते लिहावे? ब्रिटनमधील स्थलनामे आणि संगणकावरील वंशावळ

वाचकहो, आपल्या कित्येक मंडळ्यांनी शताब्दीचा उंबरठा ओलांडला आहे, तर काही त्याच्या अगदी जवळ येऊन ठेपल्या आहेत. स्मरणिका काढावयाचे ठरले की पहिले मिशनरी कोण व ते कोठून आले, हे शोधण्याचे काम एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे किंवा मंडळीच्या चिटणीसाकडे येते. काही कुटुंबांना तर हा शोध घरचाच असतो. पणजोबा रेल्वेत किंवा पलटणीत नोकरीस आलेले इंग्रज गृहस्थ, आणि त्यांच्या मागे उरलेले एक थडगे व एक गावाचे नाव, एवढाच वारसा त्यांच्या हाती असतो. आजकाल अशी माहिती वहीत न लिहिता संगणकावरील वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरली जाते. नाव, तारीख, आईवडील हे रकाने सरळ आहेत. अडखळावयास होते ते ‘स्थळ’ या रकान्यात.

हा रकाना क्षुल्लक समजू नये. ब्रिटनमध्ये कोणत्या गावाची नोंदवही उघडून पाहावयाची, हे स्थळावरूनच ठरते. स्थळ चुकले तर नोंदवही चुकते. मग त्या नोंदवहीत त्याच नावाचा, त्याच सुमाराचा दुसराच कोणी सापडतो आणि त्याचे आईवडील आपल्या माणसाच्या नावावर चढतात. वंशावळी आता एकमेकांच्या पाहून उतरवून घेतल्या जातात, त्यामुळे एकाची चूक दहा घरांत वडिलोपार्जित सत्य म्हणून नांदू लागते. तीन पिढ्यांनंतर ती उपटून काढणे फार कठीण जाते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, स्थलनाम लिहिताना आपण तीन निरनिराळ्या गोष्टी नोंदवीत असतो : मूळ कागदावर काय लिहिले आहे, ते गाव त्या काळी कोणत्या मोठ्या विभागात मोडत होते, आणि ते भूमीवर नेमके कोठे आहे. या तिहींची सरमिसळ झाली की घोटाळा होतो.

ब्रिटनमधील गावाचा सर्वांत जुना व उपयुक्त विभाग म्हणजे पॅरिश. एक चर्च, त्याचा धर्मगुरू आणि त्याच्या देखरेखीखालील वस्ती असा त्याचा अर्थ. इ. स. १५३८ मध्ये थॉमस क्रॉमवेल याच्या आज्ञेने इंग्लंडमधील प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी असे ठरले. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी इंग्लंड व वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. म्हणजे त्याआधीच्या जवळजवळ तीनशे वर्षांचा सर्वसामान्य माणसाचा इतिहास मुख्यतः चर्चच्या वह्यांत आहे. पॅरिश म्हणजे एकच गाव असे मात्र नव्हे. एका पॅरिशमध्ये मुख्य गावाखेरीज दोन-चार वाड्याही असत.

विल्यम केरी यांचेच उदाहरण घेऊ. मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली छापणारे हे गृहस्थ नॉर्थहॅम्प्टनशायरमधील पॉलर्सप्युरी येथे जन्मले, असे आपण वाचतो. ते बरोबरच आहे. पण त्यांचे जन्मघर प्युरी एंड नावाच्या वाडीत होते आणि ही वाडी पॉलर्सप्युरी पॅरिशमध्ये मोडते. १७ ऑगस्ट १७६१ हा जन्मदिवस प्युरी एंडचा, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी झालेला बालबाप्तिस्मा पॉलर्सप्युरीच्या चर्चमधला. दोन घटना, दोन स्थळे. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ठिकाणी एकच नाव डकवून देण्याचा मोह होतो, तो आवरावा. आणखी एक सापळा असा की, जवळच पॉटर्सप्युरी नावाचे वेगळे गाव आहे. ‘प्युरी’ हा मूळ शब्द नासपतीच्या झाडावरून आला. एका गावास पॅव्हेली घराण्याचे नाव जोडले गेले, तर दुसऱ्यास कुंभारांचे. घाईघाईत लिहिलेल्या जुन्या अक्षरांत ही दोन नावे सहज एक वाटू शकतात.

पुढे पाहा. केरी यांचा विवाह १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या चर्चमध्ये झाला. पिडिंग्टन नावाचे एक गाव नॉर्थहॅम्प्टनशायरमध्ये आहे, तसेच दुसरे ऑक्सफर्डशायरमध्येही आहे. नुसते ‘पिडिंग्टन’ लिहून ठेवले तर संगणक कोणते उचलील याचा नेम नाही. १७८३ च्या ऑक्टोबरात त्यांनी बाप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, तो नॉर्थहॅम्प्टन येथे नेन नदीत. या घटनेचे स्थळ कोणतेही चर्च नव्हे, तर नदीच आहे आणि तसेच लिहावे. (याच नदीस नॉर्थहॅम्प्टनकडे ‘नेन’ म्हणतात आणि खाली पीटरबरोकडे ‘नीन’ म्हणतात. लेखनात एकच असलेली नदी वाटेत उच्चार बदलते!) त्यानंतर ते मोल्टन येथे पाळक झाले. मोल्टन नावाची गावे लिंकनशायर, चेशायर, सफक, यॉर्कशायर येथेही आहेत. एकाच माणसाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत इतकी वळणे येतात.

येथे विवाहाविषयी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. १७५४ पासून १८३७ पर्यंत इंग्लंड व वेल्समध्ये ज्यू आणि क्वेकर वगळता सर्वांस, मग ते बाप्टिस्ट असोत की रोमन कॅथलिक, कायदेशीर विवाहासाठी अँग्लिकन चर्चमध्येच जावे लागे. म्हणून त्या काळातील विवाहनोंद पाहून ‘हे कुटुंब या चर्चचे सभासद होते’ असा निष्कर्ष काढू नये. विवाहाचे स्थळ हे विवाहाचेच स्थळ, ते घर नव्हे. बाप्टिस्ट मंडळी तर बालबाप्तिस्माच मानीत नसल्यामुळे त्यांच्या मुलांच्या जन्माची नोंद अनेकदा पॅरिशच्या वहीत मुळीच मिळत नाही. ती मंडळीच्या स्वतंत्र वहीत शोधावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये बालबाप्तिस्मा, प्रौढाचा बाप्तिस्मा आणि जन्म या तीन घटनांसाठी निरनिराळे रकाने असतात. आपण ख्रिस्ती वाचकांनी तरी त्यांची गल्लत करू नये.

१८३७ नंतरच्या सरकारी नोंदींत वेगळीच अडचण येते. तेथील निर्देशसूचीत गावाचे नाव नसून नोंदणी-जिल्ह्याचे नाव असते. हे जिल्हे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागांवरून ठरविले गेले आणि त्यांतील काही दोन काउंट्यांत पसरलेले होते. सूचीतले नाव हेच जन्मगाव समजून लिहिणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. खरे गाव प्रत्यक्ष दाखल्यावर असते. तो मिळेपर्यंत ‘अमुक नोंदणी-जिल्हा’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे. जनगणनेचा आधार घेणार असाल तर १८४१ ची गणना केवळ ‘याच काउंटीत जन्म झाला काय’ एवढेच विचारते, तर जन्माची पॅरिश १८५१ पासून मिळू लागते. तीही अनेकदा गणनेदाराने कानांनी ऐकून लिहिलेली असते, हे विसरू नये.

आता काउंटीकडे वळू. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील जिल्हा. आपल्या जिल्ह्यांच्या सीमा बदलतात, तशा त्यांच्याही बदलल्या. सर्वांत मोठी उलथापालथ १ एप्रिल १९७४ रोजी झाली. त्या दिवशी कम्बरलंड, वेस्टमोरलंड, हंटिंग्डन व पीटरबरो, रटलंड या काउंट्यांचा स्वतंत्र कारभार संपला, आणि एव्हन, क्लीव्हलंड, हम्बरसाइड अशा नव्या काउंट्या जन्मास आल्या. बोर्नमथ हँपशायरमधून डॉर्सेटमध्ये गेले; ॲबिंग्डन बर्कशायरमधून ऑक्सफर्डशायरमध्ये गेले. पुढे १९९६ मध्ये एव्हन, क्लीव्हलंड व हम्बरसाइड ही तिन्ही मोडली. रटलंड १९९७ मध्ये परत आले. कम्ब्रियाची काउंटी कौन्सिल १ एप्रिल २०२३ रोजी बरखास्त होऊन कम्बरलंड हे नाव पुन्हा कारभारात आले, पण जुन्या सीमांसह नव्हे. पीटरबरोचे पाहा : मुळात नॉर्थहॅम्प्टनशायरचा भाग, १८८९ पासून ‘सोक ऑफ पीटरबरो’ ही स्वतंत्र प्रशासकीय काउंटी, १९६५ मध्ये हंटिंग्डनशी जोडणी, १९७४ मध्ये केम्ब्रिजशायर. कॅथीड्रल जागचे हलले नाही; त्याच्या भोवतीची नावे मात्र फिरत राहिली. खुद्द केरी यांच्या नॉर्थहॅम्प्टनशायरचा कारभारही २०२१ मध्ये पूर्व-पश्चिम नव्हे, तर ‘नॉर्थ’ आणि ‘वेस्ट’ अशा काहीशा विचित्र जोडीत विभागला गेला.

मग लिहावे काय? घटनेच्या वेळचे नाव की आजचे? याविषयी अभ्यासकांत दोन पक्ष आहेत. आजचे नाव लिहिल्यास नकाशावर गाव चटकन सापडते, असे एक पक्ष म्हणतो. माझे मत दुसऱ्या पक्षास आहे. १८५० साली जन्मलेल्या माणसाचे जन्मस्थळ ‘कम्ब्रिया’ लिहिणे म्हणजे जी काउंटी त्या वेळी अस्तित्वातच नव्हती तिच्यात त्याला जन्मास घालणे होय. शिवाय त्याच्या नोंदी जुन्या काउंटीच्याच नावाखाली सूचीत आहेत. शोध तेथेच घ्यावा लागणार. लंडनच्या बाबतीत तर हे फारच जाणवते. क्लार्कनवेल १८८९ पूर्वी मिडलसेक्समध्ये होते, मग लंडन काउंटीत आले आणि १९६५ पासून ग्रेटर लंडनमध्ये आहे. १८२० चा बाप्तिस्मा ‘क्लार्कनवेल, मिडलसेक्स, इंग्लंड’ असाच लिहावा. देशाच्या जागी ‘युनायटेड किंग्डम’ न लिहिता इंग्लंड, स्कॉटलंड वा वेल्स लिहावे, कारण नोंदींची व्यवस्था या देशांप्रमाणे निराळी आहे. शिवाय १८०१ पूर्वी ‘युनायटेड किंग्डम’ हे त्या राज्याचे नावही नव्हते.

हे सर्व संगणकात कसे बसते ते पाहू. वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी ‘जेडकॉम’ नावाची एक पद्धत आहे. ती १९८४ मध्ये प्रथम आली आणि तिची सातवी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. या पद्धतीत स्थळ लिहिताना लहानाकडून मोठ्याकडे जावयाचे असते आणि प्रत्येक पायरीनंतर स्वल्पविराम द्यावयाचा असतो : ‘प्युरी एंड, पॉलर्सप्युरी, नॉर्थहॅम्प्टनशायर, इंग्लंड’. आपण पत्रावर पत्ता लिहितो तसाच हा क्रम आहे. पायऱ्यांचा क्रम एकदा ठरविला की तो सर्वत्र पाळावा. वाडी ठाऊक नसेल तर तिची जागा रिकामी ठेवावी, पण मधलीच पायरी गाळून पॅरिशच्या जागी काउंटी सरकू देऊ नये. स्वल्पविराम हेच येथे कुंपण आहे. म्हणून ‘बहुधा’, ‘जवळ’, ‘चर्चसमोर’ असले शब्द या रकान्यात घालू नयेत. त्यांच्यासाठी टिपणाची जागा असते.

काही सॉफ्टवेअर स्थळाला केवळ अक्षरांची एक ओळ समजतात. काही मात्र स्थळाची स्वतंत्र नोंद ठेवतात आणि ते गाव कोणत्या काळी कोणत्या विभागात होते हे तारखांसह लिहू देतात. ‘ग्रॅम्प्स’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यात पीटरबरो एकदाच नोंदवावे, आणि त्याला १९६५ पर्यंत एक छत्र, १९७४ पर्यंत दुसरे, नंतर तिसरे अशी जोड द्यावी. एका गावाच्या चार प्रती होत नाहीत आणि नकाशावरही एकच ठिपका उमटतो. हीच माहिती जेडकॉममधून दुसरीकडे नेताना तारखांची जोड गळून पडण्याचा संभव असतो, म्हणून महत्त्वाचा बदल टिपणातही लिहून ठेवणे शहाणपणाचे.

मूळ कागदावरील लेखन कसेही असो, ते जसेच्या तसे आधाराच्या टिपणात उतरावे आणि स्थळाच्या रकान्यात प्रमाण नाव घालावे. येथे आपल्या वाचकांस एक खास सूचना करावीशी वाटते. इंग्रजी स्थलनामांचे लेखन व उच्चार यांचा संबंध अनेकदा नावापुरताच असतो. लेस्टर, वुस्टर या नावांच्या लेखनात आपण उच्चारतो त्याहून बरीच अधिक अक्षरे असतात. नॉरफकमधील ‘हेझबरो’ तर लेखनावरून ओळखताच येत नाही. आपण देवनागरीत उच्चार लिहितो आणि मग त्यावरून रोमन अक्षरे परत बनवू पाहतो, तेव्हा गाव हरवते. देवनागरी नाव स्मरणिकेसाठी अवश्य ठेवावे. पण सॉफ्टवेअरच्या मुख्य रकान्यात मूळ रोमन लेखनच असावे, आणि देवनागरी रूप पर्यायी नाव म्हणून जोडावे.

नावे सारखी असण्याचे कारण मात्र आपणांस परके वाटू नये. आपल्याकडे वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द असते. इंग्लंडमध्ये त्याच अर्थाचे लॅटिन शब्द ‘मॅग्ना’ आणि ‘पार्वा’ जोडतात. पण सावध! लेस्टरशायरमधील विग्स्टन मॅग्ना आणि विग्स्टन पार्वा ही शेजारगावे नाहीत. त्यांच्यामध्ये कित्येक मैलांचे अंतर आहे. वेल्समध्ये ‘लान’ने सुरू होणारी असंख्य गावे आहेत. त्या शब्दाचा अर्थ चर्चचे आवार असा असून पुढे बहुधा संताचे नाव येते. ‘लानव्हायर’ म्हणजे मरियेचे चर्च, आणि अशी गावे अनेक. इंग्लंडच्या उत्तरेकडील ‘कर्बी’ म्हणजे चर्चचे गाव. ‘एकल्स’ या नावात तर ‘एक्लेसिया’ हा शब्द, अँग्लो-सॅक्सन लोक येण्यापूर्वीच्या ब्रिटन ख्रिस्ती लोकांच्या तोंडून आलेला, अजून जिवंत आहे. नुसते ‘लानव्हायर’ किंवा ‘कर्बी’ लिहून थांबणे हे आपल्याकडे नुसते ‘वडगाव’ लिहिण्यासारखे आहे.

स्थळ आणि विभाग यांच्या गल्लतीचे एक उदाहरण आपल्या अगदी जिव्हाळ्याचे आहे. ‘ख्रिस्तपुराण’कार फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास विल्टशायरमधील बुश्टन येथे झाला. बुश्टन हे क्लिफ पायपर्ड पॅरिशमधील लहानसे खेडे, आणि ही पॅरिश त्या काळी सॉल्सबरी धर्मप्रांतात होती. धर्मप्रांताचे नाव वाचून कोणी जन्मस्थळ ‘सॉल्सबरी’ असे लिहिले, तर नकाशावरील ठिपका सुमारे पन्नास किलोमीटर दक्षिणेस जाऊन पडेल. काही जुन्या ग्रंथांत तर त्यांचा उल्लेख बस्टन, बबस्टन अशा नावांनी येतो. म्हणजे गावाचेच नाव आडनावासारखे त्यांना चिकटले. वाचणाऱ्यास हा दुसराच कोणी जेज्विट वाटावा, इतके ते रूप बदललेले आहे.

नकाशाकडे येऊ. सॉफ्टवेअर स्थळाचे अक्षांश-रेखांश साठविते. आपला सारा देश ग्रीनिचच्या पूर्वेस असल्यामुळे रेखांशापुढे उणे चिन्ह घालण्याची सवय आपल्याला नाही. ब्रिटनचा बहुतेक भाग मात्र ग्रीनिचच्या पश्चिमेस आहे. पॉलर्सप्युरी सुमारे ५२.१० अक्षांश आणि उणे ०.९५ रेखांश येथे आहे. ते उणे चिन्ह राहिले की केरी यांचे गाव थेट सफकमध्ये जाऊन पडते. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडमधील लॉडर येथे झाला. त्या गावाचे उणे चिन्ह विसरले तर ते उत्तर समुद्राच्या पाण्यात बुडते. समुद्रातला ठिपका निदान नजरेस तरी येतो. सफकमधला येत नाही, म्हणून तो अधिक घातक.

पुष्कळ सॉफ्टवेअर नाव वाचून ठिपका आपोआप टाकतात. ही सोय वापरावी, पण तिच्यावर विसंबू नये. ‘बोस्टन’ लिहिताच ठिपका लिंकनशायरऐवजी अमेरिकेत, ‘पर्थ’ लिहिताच ऑस्ट्रेलियात, ‘हॅलिफॅक्स’ लिहिताच कॅनडात पडू शकतो. यंत्र मोठे शहर निवडते. आपला पूर्वज मात्र लहान गावचा असतो. प्रत्येक ठिपका डोळ्यांनी तपासावा. त्यासाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे आजच्या नकाशावर बसवून सर्वांसाठी खुले केले आहेत. त्यांत एकेक शेतघर, गिरणी व चॅपल दिसते. चर्च पाडले गेले असेल तर त्याची जागा जुन्या नकाशावरूनच घ्यावी. केवळ पॅरिश ठाऊक असेल तेव्हा ठिपका पॅरिशच्या चर्चवर ठेवावा आणि ‘पॅरिशपुरते निश्चित’ असे टिपणात लिहावे, नाहीतर पुढचा वाचक त्या ठिपक्यालाच घर समजेल.

स्कॉटलंडचा विचार थोडक्यात. नागपूरचे रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८१७ मध्ये डन्स येथे जन्मले, आणि डन्स व लॉडर ही दोन्ही गावे जुन्या बेरिकशायर काउंटीतली. नागपूर आणि मुंबई येथील दोन थोर मिशनरी एकाच लहान काउंटीचे, ही गोष्ट आपल्या स्मरणिकांत क्वचितच येते. परंतु ज्या बेरिक शहरावरून काउंटीला नाव मिळाले, ते शहर १४८२ पासून इंग्लंडकडे आहे. ‘बेरिक’ एवढेच लिहिल्यास देशच बदलतो. १९७५ मध्ये बेरिकशायर बॉर्डर्स विभागात गेले आणि १९९६ पासून तो प्रदेश स्कॉटिश बॉर्डर्स कौन्सिलखाली आहे. हिस्लॉप यांच्या काळी डन्सच्या लेखनात शेवटी एक जादा ‘ई’ अक्षर असे. सरकारी नोंदणीपूर्वीचा जन्म असल्याने तो पॅरिशच्या जुन्या वहीतच शोधावयाचा, हेही तारखेवरूनच कळते.

ज्यांचे पूर्वज येथेच जन्मले वा निवर्तले, त्यांनी एक गोष्ट करावी. मुंबई इलाख्यातील चर्चमध्ये झालेले युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांचे बाप्तिस्मे, विवाह व दफन यांच्या प्रती लंडनला पाठविल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. बंगाल, मद्रास व मुंबई यांच्या तीन स्वतंत्र मालिका असून मुंबईची मालिका ‘एन ३’ या खुणेची आहे. तीत नाव सापडले की वडिलांचे पद, पलटण किंवा रेल्वेतील हुद्दा पाहावा, कारण ब्रिटनमधील गावाचा धागा बहुधा वडिलांच्या नोकरीच्या कागदांतूनच मिळतो. आणि ती नोंद सॉफ्टवेअरमध्ये भरताना ‘बॉम्बे’ असेल तेथे बॉम्बेच ठेवावे, मुंबई हे पर्यायी नाव म्हणून जोडावे. जो नियम कम्बरलंडला लावला तोच आपल्या शहरांना. आपल्या मंडळीची मूळ नोंदवही अजून हाताशी असेल, तर लंडनच्या प्रतीशी ती ताडून पाहावी. प्रत करताना गावाचे नाव गाळले गेले असेल, तर ते मूळ पानावर कदाचित अद्याप वाचता येईल.